साय-फाय मालिकेत पुराण कसं शोधावं, आणि कुठे थांबावं

मालिकांवर लिहिलेले लेख मित्रमंडळी माझ्याकडे वाचायला पाठवतात. त्यांतल्या बऱ्याच लेखांचा साचा ठरलेला असतो. अमका कॅप्टन म्हणजे कर्ण, तमकं यान म्हणजे पुष्पक विमान, खलनायक अर्थातच रावण. मग 'काय खोल अर्थ दडलाय!' असं एक वाक्य येतं आणि लेख संपतो. दडलेला अर्थ कोणता, ते राहूनच जातं.

लिहिणाऱ्यांचं वाचन असतं, मालिकाही त्यांनी मनापासून पाहिलेली असते. गडबड होते ती क्रमात. भाग नीट पाहून होण्याआधीच काहीतरी आठवतं, आणि उरलेला भाग त्या आठवणीला पुरावे गोळा करण्यात जातो. खालचा क्रम या सवयीवरचा उतारा आहे. सरावासाठी एकच भाग घेतला आहे: 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'च्या पाचव्या पर्वातला दुसरा भाग, 'डारमॉक', १९९१ साली पहिल्यांदा दाखवलेला. पाहिला नसेल तर आधी पाहून या. पुढे शेवटासकट सगळं सांगितलं आहे.

## तयारी: भाग, वेळ, वही

सुरुवातीला अख्खी मालिका हाती घेऊ नका. या मालिकेची ७ पर्वं आणि १७८ भाग आहेत. एवढ्या ढिगात कुठल्याही मताला आधार सापडतो. एकाच बैठकीत सुरू होऊन संपणारा भाग निवडा, म्हणजे तुमचं म्हणणं त्याच भागावर घासून पाहता येईल.

भाग तीनदा पाहायचा आहे. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेमध्ये एक रात्र जाऊ द्या. ज्या मूळ ग्रंथाशी भागाचं नातं निघेल तो वाचायला आणखी दोन-तीन संध्याकाळी बाजूला ठेवा. एवढा वेळ नसेल तर भाग पाहून मजा घ्यावी, लेख लिहू नये. त्यात काही कमीपणा नाही.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: 'दिसलं', 'ऐकलं', 'आठवलं'. पहिल्या खेपेला तिसरा रकाना कोरा ठेवायचा. सबटायटल लावा, कारण नावं कानाला एक वाटतात आणि निघतात दुसरीच.

सावधान: चाहत्यांनी लिहिलेली माहितीची पानं पाचवा टप्पा होईपर्यंत उघडू नका. तिथे 'या भागातले संदर्भ' अशी तयार यादी असते. ती एकदा वाचली की तुमचे डोळे तेवढंच पाहतात.

## टप्पा १: नुसती गोष्ट लिहा

पहिल्यांदा पाहून झालं की आठ-दहा वाक्यांत कथानक लिहा. एकाही पुराणाचं नाव नको, 'प्रतीक' हा शब्द नको, विशेषणं जमतील तेवढी कमी. 'डारमॉक'चं मी केलेलं टिपण असं:

टॅमेरियन नावाच्या लोकांशी माणसांची गाठ याआधीही पडली आहे, पण त्यांचं बोलणं कधीच कुणाला कळलं नाही. शब्द भाषांतरित होतात, अर्थ लागत नाही. त्यांचा कप्तान डेथॉन, माणसांच्या 'एंटरप्राइझ' या यानाचा कप्तान पिकार्ड याला स्वतःबरोबर एका निर्जन ग्रहावर उतरवतो आणि त्याच्याकडे एक सुरा फेकतो. पिकार्डला वाटतं, हे द्वंद्वाचं आव्हान आहे. रात्री पिकार्डला शेकोटी पेटवता येत नाही, तेव्हा डेथॉन आपल्या शेकोटीतलं पेटतं लाकूड त्याला देतो. सकाळी एक श्वापद येतं आणि दोघं मिळून लढू लागतात. ऐन लढाईत वर फिरणारं एंटरप्राइझ पिकार्डला ट्रान्सपोर्टरने, म्हणजे किरणांनी माणूस इकडून तिकडे हलवणाऱ्या यंत्राने, उचलू पाहतं. तो प्रयत्न फसतो, पण तेवढ्या वेळात डेथॉन एकटा पडून जबर जखमी होतो. दुसऱ्या रात्री पिकार्ड त्याला एक गोष्ट सांगतो. गोष्ट संपते तेव्हा डेथॉनचा प्राण गेलेला असतो. यानांची लढाई पेटलेली असताना पिकार्ड परततो, टॅमेरियनांशी त्यांच्याच भाषेत चार वाक्यं बोलतो आणि लढाई थांबते.

तपासणी: हे टिपण भाग न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याने 'मग तो सुरा कशाला फेकला?' असा प्रश्न विचारला तर टिपण जमलं. त्याने 'हे महाभारतासारखंच आहे की' म्हटलं तर तुमचं मत कुठेतरी झिरपलं आहे. वाक्यं पुन्हा साफ करा.

## टप्पा २: अडखळण्याच्या जागा

दुसरी खेप. आता कथानक माहीत आहे, म्हणून लक्ष मोकळं आहे. शोधायचं हे: गोष्ट पुढे नेण्यासाठी ज्याची गरज नव्हती, तरी दिग्दर्शकाने ज्याला वेळ दिला, असं काय आहे? मालिकेच्या भागात मिनिटं मोजून मिळतात. बिनकामाच्या वाटणाऱ्या गोष्टीवर दीड मिनिट खर्च झालं असेल तर तिथे खूण करा.

माझ्या वहीत 'डारमॉक'च्या चार जागा आल्या. डेथॉन पेटतं लाकूड देताना 'टेंबा, हात पसरलेले' म्हणतो. पिकार्डला आधी वाटतं, टेंबा म्हणजे आग. मग कळतं की टेंबा हा कुणीतरी माणूस आहे आणि पसरलेले हात दानाचे आहेत. दुसरी जागा म्हणजे जखमी डेथॉनला सांगितलेली ती लांब गोष्ट. तिसरी, परतल्यावर पिकार्ड डेथॉनची वही टॅमेरियनांच्या हवाली करतो तो क्षण. तो सुरासुद्धा परत देऊ करतो, पण टॅमेरियन तो पिकार्डलाच ठेवून घ्यायला सांगतात. चौथी जागा अगदी शेवटची: पिकार्ड आपल्या खोलीत ग्रीक भाषेतली होमरिक स्तोत्रं (देवांवरची प्राचीन ग्रीक काव्यं) वाचत बसला आहे, आणि त्याचा उपकप्तान रायकर निघून गेल्यावर खिडकीशी उभा राहून डेथॉनने केलेली हाताची खूण स्वतः करून पाहतो. शेवटचं दृश्य कापलं असतं तरी गोष्ट पुरी झाली असती. म्हणून ते महत्त्वाचं.

आता तिसरा रकाना भरा. मोकळेपणाने भरा, मूर्खपणाचं वाटलं तरी लिहा. गाळणी पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ३: उघड, सूचक आणि योगायोग

'आठवलं' रकान्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहायचं. उ: भागात पात्रांनी स्वतः नाव घेतलं आहे. सू: शीर्षक, नाव, वस्तू किंवा उद्धृत ओळ बोट दाखवते, पण कुणी बोलत नाही. यो: मला आठवलं एवढंच.

'डारमॉक'मध्ये गिल्गामेशची, म्हणजे मेसोपोटेमियाच्या प्राचीन महाकाव्यातल्या राजाची, कथा 'उ' आहे. पिकार्ड ती नाव घेऊन सांगतो. होमरिक स्तोत्रंही 'उ'. ज्युलिएटही 'उ', कारण टॅमेरियन भाषा समजावताना यानावरची समुपदेशक ट्रॉय म्हणते की हे म्हणजे मी नुसतं 'ज्युलिएट, तिच्या सज्जात' म्हणण्यासारखं आहे.

'सू' गटासाठी १९६७ सालच्या मूळ 'स्टार ट्रेक'मधला एक भाग पाहा, ज्यात प्रत्यक्ष ग्रीक देव अपोलो येतो. बहुतेक लेख अपोलोवर संपतात. त्या भागाचं शीर्षक मात्र, 'हू मोर्न्स फॉर अडोनाइस?', इंग्रज कवी शेलीने कीट्स या कवीच्या मृत्यूवर १८२१ साली लिहिलेल्या विलापिकेतल्या ओळीचं आहे. पडद्यावर देव आहे आणि शीर्षकात त्याच्यासाठी कोण रडणार असा प्रश्न आहे. भागाचा सूर त्या प्रश्नात आहे. शीर्षक तपासायला दोन मिनिटं लागतात. तरी फार कमी लोक ते करतात.

'यो' गटाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लेख इथेच बुडतात.

टॅमेरियनांच्या बोलण्यात येणारं टॅनाग्रा हे नाव ऐकून मी दोन दिवस वाया घालवले. ग्रीसमध्ये बोएशिया प्रांतात टॅनाग्रा नावाचं खरंच प्राचीन गाव आहे, तिथे इसवी सनपूर्व ४५७ साली लढाई झाली, तिथल्या मातीच्या बाहुल्या प्रसिद्ध आहेत. वही भरली. पण भागातला टॅनाग्रा एका परग्रहावरचा भूखंड आहे, तिथे एक श्वापद आहे आणि दोन अनोळखी शिकारी आहेत. ग्रीक गावाची कुठलीच गोष्ट त्याला चिकटत नाही. पटकथाकाराने कानाला जुनं वाटणारं नाव उचललं असावं, यापलीकडे म्हणायला आधार नाही. टॅमेरियनांच्या बोलण्यातल्या शाकाचंही तेच. आफ्रिकेतला त्या नावाचा झुलू राजा आठवतो, पण 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा' या वाक्यातल्या भिंतींशी त्याचं काही जुळत नाही.

मराठी प्रेक्षकासाठी तर इथे खास खड्डा खणून ठेवला आहे. आपल्याकडे टेंभा म्हणजे मशाल. 'टेंभा मिरवणे' तिथूनच आलं. आणि हा कप्तान पेटतं लाकूड हातात घेऊन 'टेंबा' म्हणतो! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. पण भाग स्वतःच दोन मिनिटांत सांगतो की टेंबा म्हणजे आग नव्हे. योगायोग कितीही गोड असला तरी त्याचा शिक्का 'यो'च.

उलट दिशेचं उदाहरण 'बॅटलस्टार गॅलेक्टिका'चं. २००४च्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र गायलेला आहे. त्यावरून 'ही मालिका वैदिक आहे' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. मंत्र खरा आहे, ऐकू येतो, त्याची नोंद 'सू'. पण मालिकेचा सांगाडा बारा वसाहतींचा, उद्ध्वस्त घरातून निघालेल्या लोकांचा आणि वचन दिलेल्या भूमीच्या शोधाचा आहे. तो बायबलमधल्या निर्गमनाच्या, म्हणजे इजिप्त सोडून निघालेल्या इस्रायली लोकांच्या कथेच्या, कितीतरी जवळ. सुरुवातीच्या संगीतातल्या उल्लेखाने आतल्या घराचा नकाशा ठरत नाही.

सावधान: नावं जुळण्याचा आणि अर्थाचा संबंध फार क्षीण असतो. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या १९७९-८० मधल्या 'द हॉर्न्स ऑफ निमॉन' या कथेत स्कोनॉस म्हणजे क्नॉसोस, अनेथ म्हणजे अथेन्स, सेथ म्हणजे थीसियस, सोल्डीड म्हणजे डेडेलस. सगळी किल्ली हातात आहे. ती फिरवून आत गेलं की खोलीत फारसं काही नाही. मिनोटॉरची, म्हणजे भूलभुलैयातल्या बैलतोंड्या राक्षसाची, ग्रीक गोष्ट अंतराळात हलवली, एवढंच. याउलट काही भागांत एकही नाव जुळत नाही आणि पुराण हाडीमांसी असतं.

## टप्पा ४: मूळ वाचा, आठवू नका

'उ' आणि 'सू' शिक्क्याचे जे ग्रंथ उरले, ते आता प्रत्यक्ष वाचायचे. शाळेत ऐकलेली गोष्ट चालणार नाही, सारांशही चालणार नाही. सारांशातून नेमके तेच तपशील गेलेले असतात ज्यांच्याशी मालिकेने खेळ केलेला असतो.

गिल्गामेशच्या महाकाव्यातला घटनाक्रम मी मुद्दाम वहीत उतरवला. उरुकचा राजा प्रजेला छळतो. देव त्याच्यासाठी रानातला एन्किडू घडवतात. दोघांची कुस्ती होते आणि मग मैत्री. दोघं देवदारांच्या अरण्यात जाऊन हुंबाबाला मारतात. इश्तार देवी गिल्गामेशवर भाळते, तो तिला झिडकारतो, ती स्वर्गीय बैल सोडते. दोघं त्यालाही मारतात. देव सभा भरवून एन्किडूचं मरण ठरवतात. तो बारा दिवस आजारी पडून मरतो, आणि लढाईत मरण आलं नाही म्हणून तळमळतो. हादरलेला गिल्गामेश अमरत्व शोधायला निघतो, सहा दिवस सात रात्री जागं राहण्याच्या परीक्षेत नापास होतो, हाती आलेली वनस्पती साप पळवतो. तो रिकाम्या हाताने उरुकच्या तटबंदीशी परततो.

शेजारी दुसरा रकाना: पिकार्ड यातलं काय सांगतो? छळणारा राजा, एन्किडू, त्यांची झुंज, मैत्री, बैल, आणि एन्किडूचं देवांच्या आघाताने कोसळणं. गिल्गामेशच्या अश्रूंवर तो थांबतो. हुंबाबा नाही, इश्तार नाही, बारा दिवसांचं आजारपण नाही, आणि अमरत्वाचा शोध, म्हणजे महाकाव्याचा जवळजवळ अख्खा उत्तरार्ध, नाही.

तपासणी: पात्राने सांगितलेली गोष्ट आणि ग्रंथातली गोष्ट यांत किमान तीन फरक सापडले का? नसतील तर तुम्ही ग्रंथ वाचला नाही, चाळला.

## टप्पा ५: फरकांवर बोट ठेवा

सगळी मेहनत या टप्प्यासाठी होती. साम्य दाखवून लेख संपवणं म्हणजे गावच्या वेशीवरूनच परत फिरणं. भागाच्या कर्त्यांना ती जुनी गोष्ट माहीत होती. त्यांनी ती जशीच्या तशी का वापरली नाही, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक फरकापुढे 'यामुळे काय बदललं?' असं लिहा आणि उत्तर एका वाक्यात द्या.

पहिला फरक झुंजीचा. महाकाव्यात आधी कुस्ती, मग दोस्ती. 'डारमॉक'मध्ये कुस्ती होतच नाही. सुरा फेकल्यावर पिकार्ड जी झुंज गृहीत धरतो ती त्याच्या डोक्यातली आहे. डेथॉन पहिल्या क्षणापासून जोडीदार म्हणूनच उतरला आहे आणि सुरा श्वापदासाठी आहे. माणसाच्या पुराणात मैत्रीला आधी मारामारी लागते. पिकार्ड नकळत त्याच पुराणातून त्या सुऱ्याकडे पाहतो आणि चुकतो.

दुसरा फरक मरणाचा. एन्किडूला लढाईतलं मरण हवं होतं, मिळालं नाही. डेथॉन श्वापदाशी लढताना झालेल्या जखमांनी मरतो. पिकार्डच्या सांगण्यात आजारपण गळून पडतं आणि एन्किडूही जणू रणातच कोसळतो. समोर मरत असलेल्या माणसासाठी पिकार्डने गोष्ट वाकवली आहे. मला हा क्षण भागातला सगळ्यात कोवळा वाटतो, आणि मूळ वाचल्याशिवाय तो दिसत नाही.

तिसरा फरक देवांचा, आणि याकडे सहसा दुर्लक्ष होतं. पिकार्डच्या गोष्टीत एन्किडूला देवांनी पाडलं. इथे डेथॉनला कुणी पाडलं? श्वापदाने, हो. पण तो एकटा पडला कारण वरून, आकाशातून, पिकार्डला उचलण्याचा प्रयत्न झाला. वर एंटरप्राइझ आहे, आपल्या लाडक्या पात्रांनी भरलेलं, हेतू शुद्ध. खाली काय चाललंय ते न कळता हस्तक्षेप करणाऱ्या देवांची जागा या भागात नायकांच्या यानाने घेतली आहे. भाग हे बोलून दाखवत नाही. पण पिकार्ड 'देवांनी' हा शब्द उच्चारतो तेव्हा ट्रान्सपोर्टरच्या किरणांत अडकून हताशपणे पाहणारा तोच पिकार्ड आठवावा.

चौथ्या फरकासाठी टॅमेरियनांचं स्वतःचं पुराणही शेजारी ठेवावं लागतं. डारमॉक आणि जलाड वेगवेगळे टॅनाग्राला आले, श्वापदाशी मिळून लढले आणि 'डारमॉक आणि जलाड, समुद्रावर', म्हणजे बरोबर परतले. डेथॉनला हीच गोष्ट घडवून आणायची होती. ती तशी घडली नाही; परतला एकच. म्हणजे भाग टॅमेरियन पुराणात सुरू होतो आणि गिल्गामेशच्या पुराणात संपतो. परग्रहावरचा माणूस पृथ्वीवरच्या कथेतलं मरण मरतो आणि पृथ्वीवरचा माणूस परग्रहाच्या भाषेत बोलत परततो. दोघांनी एकमेकांची गोष्ट जगून दाखवली.

हे वाक्य सापडलं तेव्हा माझा लेख सापडला. तुमचं वाक्य वेगळं असेल, असायलाच हवं. पण ते फरकांच्या यादीतून आलेलं असावं.

सावधान: आता एक मोहक जाळं. महाकाव्य उरुकच्या भिंतींपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. टॅमेरियन भाषेत अपयशाला 'भिंती कोसळल्या तेव्हा' म्हणतात. जोडावंसं वाटतंय ना? मलाही वाटलं. पण त्या भिंती शाकाच्या आहेत, गिल्गामेशच्या नाहीत, आणि भागात या दोन्हींमध्ये दुवा नाही. लेखात घ्यायचंच असेल तर 'मला आठवलं' असं स्पष्ट लिहून घ्या.

## टप्पा ६: गोष्ट कोणत्या साधनाने सांगितली

पुराणाचा धागा हाती आला की साहित्यिक अंग तपासा. उपमा, रूपक, निवेदक कोण, पुनरावृत्ती कुठे. 'डारमॉक'मध्ये हे साधन म्हणजे भाषाच आहे. टॅमेरियन लोक विधान करत नाहीत, प्रसंगाचं नाव घेतात. 'सोकाथ, डोळे उघडलेले' म्हणजे कळलं. 'मिराब, शिडं उभारलेली' म्हणजे निघू या.

इथे मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. सामना हरलो की आपण 'पानिपत झालं' म्हणतो. ध चा मा, भगीरथ प्रयत्न, द्रौपदीची थाळी, घरभेदी बिभीषण. पानिपतची खबर सांगणारा तो प्रसिद्ध निरोपही असाच: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हे ज्याला ठाऊक त्यालाच बातमी कळली; बाकीच्यांसाठी तो सावकाराचा तोटा.

या भागावरचा नेहमीचा आक्षेप असा की अशी भाषा चालूच शकत नाही. मुलांना मूळ गोष्ट सांगायची तर साधे शब्द लागतीलच. इंजिन दुरुस्त करताना काय म्हणणार? आक्षेप योग्य आहे आणि लेखात तो टाळू नये. पण त्याचं अर्धं उत्तर आपल्याच घरात आहे. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा पत्त्यांचा बंगला कोसळला की 'पानिपत!' ओरडतो, १७६१ त्याला माहीत नाही, अब्दाली तर नाहीच. शब्द प्रसंगातून शिकला, गोष्ट नंतर कळेल किंवा कळणारही नाही. पिकार्डही टेंबाची गोष्ट कधीच ऐकत नाही. हात पाहतो, लाकूड घेतो, अर्थ लागतो. उरलेलं अर्धं उत्तर, म्हणजे इंजिनाचं, माझ्याकडे नाही.

## टप्पा ७: आपल्या पुराणांशी तुलना

ही पायरी मुद्दाम इतकी उशिरा ठेवली आहे. आधी केली तर ती सगळं गिळते.

दोन चुका सर्रास दिसतात. 'हे तर आपल्याकडे आधीच होतं' असं म्हणून लेख बंद करणं ही पहिली. दुसरी, समांतर गोष्टीला उगम समजणं. तुलनेचा उपयोग एवढाच की दुसऱ्या गोष्टीच्या उजेडात पहिलीतली एखादी बाजू दिसते.

उदाहरण. किष्किंधाकांडात राम आणि सुग्रीव भेटतात, तेव्हा हनुमान लाकडं घासून अग्नी पेटवतो आणि दोघं त्या अग्नीला प्रदक्षिणा घालून सख्य करतात. 'डारमॉक'मध्येही दोन अनोळखी, रान, आणि मध्ये आग. पटकथाकाराने रामायण समोर ठेवलं होतं असं म्हणायला काही आधार नाही, नोंद 'यो'. आता फरक पाहा. राम-सुग्रीवांच्या सख्याला अटी आहेत: वालीचा वध, सीतेचा शोध. डेथॉन आग देतो तेव्हा काहीच मागत नाही, आणि मागितलं असतं तरी समोरच्याला कळलं नसतं. करार करायला भाषा लागते; हे दान भाषेच्या आधीचं आहे. 'टेंबा, हात पसरलेले' हे पिकार्डला उलगडलेलं पहिलं वाक्य का, हे मला रामायण शेजारी ठेवल्यावर कळलं.

तपासणी: तुलना काढून टाकली तर लेखातलं काही कमी होतं का? होत नसेल तर ती शोभेची आहे, काढा.

## टप्पा ८: लिहिणं

तिसऱ्यांदा भाग पाहा, तुमचं मुख्य वाक्य समोर ठेवून. यावेळी त्या वाक्याच्या विरुद्ध जाणारी दृश्यं टिपा. माझ्या वाक्याला सगळ्यात मोठा धक्का असा: पिकार्डने गाळलेला उत्तरार्ध खरंच गळाला आहे का? गिल्गामेश अमरत्वाशिवाय परततो, पण महाकाव्याच्या आरंभीच सांगितलं आहे की त्याने आपले श्रम शिळेवर कोरून ठेवले. पिकार्डही जखमी होऊन परततो आणि त्याच्याकडे उरते ती गोष्ट. टॅमेरियन लगेच तिचं नवं वाक्य करतात: 'पिकार्ड आणि डेथॉन, एल-अड्रेलवर.' (एल-अड्रेल म्हणजे तो निर्जन ग्रह.) म्हणजे उत्तरार्ध सांगितला गेला नाही, पण घडला. यामुळे माझं वाक्य मोडत नाही, मात्र 'पिकार्डने महाकाव्य अर्धवट सोडलं' हे पहिल्या मसुद्यातलं विधान मला खोडावं लागलं.

लेखाची मांडणी शोधाच्या क्रमाने करू नका. वाचकाला तुमच्या टॅनाग्राच्या दोन दिवसांत रस नाही (मी वर सांगितले ते इशारा म्हणून). सुरुवात दृश्याने करा, दुसऱ्या परिच्छेदात मुख्य वाक्य द्या, मग फरक महत्त्वाच्या क्रमाने. मूळ ग्रंथाची ओळख तीन-चार वाक्यांत आटपा. विरुद्ध पुरावा शेवटच्या तिसऱ्या भागात येऊ द्या, तळटीपेत लपवू नका. 'प्रतीक', 'अधोरेखित करतो', 'एक प्रकारे' हे शब्द शोधून काढा आणि त्या जागी काय दिसतं ते लिहा.

एका वाक्याची कसोटी: तुमच्या मुख्य वाक्यातलं मालिकेचं नाव बदलून दुसरीचं टाका. तरीही ते खरं ठरत असेल, तर ते या भागाबद्दल काहीच सांगत नाही. 'मनुष्याचा शोध अनंत आहे' हे कुठल्याही मालिकेला चालतं.

## पुढचा सराव

याच क्रमाने दुसरा भाग घ्यायचा तर १९६६चा 'द कॉन्शन्स ऑफ द किंग' घ्या. शीर्षक 'हॅम्लेट'मधलं, कथेत फिरती नाटकमंडळी, आणि नटाच्या मागे दडलेला एक जुना गुन्हेगार असल्याचा संशय. 'उ' आणि 'सू' दोन्ही खच्चून भरलेले आहेत, त्यामुळे टप्पा ३ सोपा जाईल आणि टप्पा ५ला दमछाक होईल: कोण हॅम्लेट, कोण त्याचा खुनी काका क्लॉडियस, हे जिथे जुळत नाही तिथे थांबून पाहा. 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' मात्र पाच-सहा स्वतंत्र भागांवर हात बसल्याशिवाय घेऊ नका. तिथे देव आहेत, एकच देव मानणारे यंत्रमानव आहेत, भविष्यवाण्या आहेत आणि चार पर्वं आहेत. वहीला तीन रकाने पुरणार नाहीत.